वाळवलेल्या टोमॅटोत काय उरतं

२०२३ च्या मे महिन्यात भाव नाही म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतून दिले आणि जुलैत तोच टोमॅटो शहरांत शंभर रुपये किलोच्या पुढे गेला. मधे अंतर जेमतेम दोन महिन्यांचं. तेवढे दोन महिने हे फळ टिकवता आलं तर कितीतरी घरांचं भलं होईल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीची सगळी वर्षं गृहविज्ञान शिकवण्यात गेली. आता निवृत्तीनंतर जुन्नर तालुक्यातल्या बचत गटाच्या बायकांबरोबर टोमॅटो वाळवण्याचं काम करते.

कुरडया, पापड, सांडगे, आंबोशी ही आपली घरची वाळवणं. टोमॅटो त्यांच्यात बसत नव्हता. इटलीच्या दक्षिणेकडे, पुलिया, कालाब्रिया आणि सिसिलीत, अर्धे चिरलेले टोमॅटो मीठ लावून उन्हात वाळवण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडे तर एप्रिल-मेचं कोरडं ऊन फुकट मिळतं आणि नारायणगावच्या बाजारात उन्हाळी टोमॅटोही त्याच सुमारास येतो. माल विकायला बसलं की प्रश्न मात्र एकच येतो: ‘वाळवल्यावर यात सत्त्व राहतं का हो?’ त्याचं उत्तर देता देता जे पक्कं समजलं, ते इथे मांडते.

१. १०० ग्रॅमचा आकडा आपल्या ताटाच्या मापाने वाचावा

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पोषण तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या टोमॅटोत १८ कॅलरी, ०.९ ग्रॅम प्रथिनं, १.२ ग्रॅम तंतू आणि सुमारे २४० मिलिग्रॅम पोटॅशियम दिलं आहे. तेवढ्याच वजनाच्या वाळवलेल्या टोमॅटोत २५८ कॅलरी, १४ ग्रॅम प्रथिनं, १२ ग्रॅम तंतू, ३४०० मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम आणि ९ मिलिग्रॅम लोह. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की काहीतरी चमत्कार घडल्यासारखं वाटतं आणि पाकिटांवर नेमकी दुसरी ओळ मोठ्या अक्षरांत छापली जाते. घडलेलं एवढंच असतं की ताज्या टोमॅटोतलं ९४-९५ टक्के पाणी उडून गेलं. दूध आटवून खवा करावा तसं. खव्यात दुधाबाहेरचं काही येत नाही.

वाळलेली एक फोड साधारण २ ग्रॅमची असते. चार माणसांच्या आमटीत दहा फोडी टाकल्या, तर एकाच्या ताटात येतात ५ ग्रॅम. त्यातून मिळतात जेमतेम पाऊण ग्रॅम प्रथिनं आणि अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतबाहेर लोह. प्रथिनांसाठी डाळ, शेंगदाणे, अंडी यांच्याकडेच वळायला हवं.

गटातली एक सून फार चौकस आहे. हे गणित ऐकून तिने विचारलं, “बाई, मग गिऱ्हाइकाला सांगायचं तरी काय?”

“अगं, सांग की पाच ग्रॅममध्ये पाऊण टोमॅटो आहे. महागाईत, पावसाळ्यात, कधीही.”

तिला ते पटलं आणि ती तसंच सांगते. ५ ग्रॅम वाळवलेला म्हणजे ७० ते ७५ ग्रॅम ताजा, हा हिशेब खरा आहे आणि तो ऐकून घेणारे लोक परत येतात. आमच्या बाजूने हाच हिशेब जरा कठोर आहे. एक किलो वाळवलेला माल हाती यायला बारा ते पंधरा किलो टोमॅटो लागतात. वीस किलोच्या एका कॅरेटमधून दीड किलो निघाला तर बरा म्हणायचा. मग भाव ऐकून तोंड वाकडं करणाऱ्याला आम्ही रिकामं कॅरेट दाखवतो.

२. उन्हात जे जातं ते लिंबातून परत घ्यावं

पाणी उडाल्यामुळे बाकी सगळं साधारण चौदा पटीने दाटतं. त्या हिशेबाने ताज्या टोमॅटोतलं १४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व १९० च्या वर जायला हवं. तक्त्यात भरतं ४० च्या आत. म्हणजे पाचातले चार भाग वाटेतच गेले. उष्णता आणि हवा, दोन्ही क जीवनसत्त्वाच्या वैरिणी. चिरलेली फोड दिवसच्या दिवस उघडी पडली की त्यातून फारसं वाचत नाही. वाळवणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी हा तोटा पूर्ण टळत नाही, म्हणून तो लपवूही नये.

याचा परिणाम लोहावर होतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. भाज्यांमधलं लोह शरीरात सहजासहजी शोषलं जात नाही. त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. वाळलेल्या टोमॅटोत लोह राहिलं आणि सोबत गेली. आमच्या भागात रक्त कमी असलेल्या मुली-बायका घरोघरी आहेत. त्यांना मी सांगते, वाळवलेला टोमॅटो घातलेल्या आमटीवर जेवताना लिंबू पिळा आणि चहा जेवणाला लागूनच घेऊ नका, कारण चहातली टॅनिनं लोहाला अडवतात. लिंबू मात्र उकळत्या पातेल्यात पिळायचं नाही, ताटात वाढल्यावर पिळायचं.

३. ऊन उष्णतेसाठी हवं, उजेडासाठी नको

टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. कलिंगड आणि गुलाबी पेरूचा रंगही त्याचाच. ताज्या टोमॅटोत १०० ग्रॅमला साधारण अडीच मिलिग्रॅम असणारं हे द्रव्य वाळवलेल्यात ४५ मिलिग्रॅमपर्यंत जातं. मात्र थेट उजेड आणि हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू खातात. गच्चीवर बाजेवर पसरलेल्या फोडी वाळताना विटकरी होतात. त्यात काही दोष साखर आणि अमिनो आम्लांच्या आपसांतल्या क्रियेचा, काही लायकोपीन झिजण्याचा. रंग उतरला की सत्त्व उतरलं, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही.

म्हणून झाकलेल्या सौर पेटीचा मी आग्रह धरते. काळा रंग दिलेला पत्रा तापतो, खालून हवा शिरते, वरून दमट हवा निघून जाते, फोडींवर सरळ ऊन पडत नाही. धूळ, माश्या, चिमण्या यांचा त्रास वाचतो तो वेगळाच. आतली उष्णता ५५ ते ६० अंशांच्या आसपास राहिली की काम छान होतं. त्याहून फार चढली तर फोड वरून कडक होते आणि पोटात ओल राहते. महाराष्ट्रात खेड्यांतल्या बायकांच्या हाती असे सौर ड्रायर देणाऱ्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या उद्योगाला २०२३ साली अर्थशॉट पारितोषिक मिळालं, तेव्हा आमच्या गटात पेढे वाटले गेले. आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही, तरीही.

पेटी नसेल तर फोडींवर दुहेरी मलमल अंथरावी. वाळलेला माल काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवायचा मोह टाळावा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा.

४. लायकोपीनला तेल लागतं, पण त्याला औषध म्हणू नये

लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. कोरड्या फोडी नुसत्या चघळल्या तर त्यातलं पुष्कळसं तसंच बाहेर पडतं. शिजवल्याने टोमॅटोच्या पेशींच्या भिंती फुटतात आणि तेलात परतल्याने लायकोपीन मोकळं होऊन शोषायला सोपं जातं. आपल्या फोडणीत हे आपोआप साधतं. मी वाळलेल्या फोडी कात्रीने बारीक कापते, शेंगदाणा तेलाच्या मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत लसणाबरोबर अर्धा मिनिट परतते आणि मग वरण ओतते. तेलाला केशरी रंग सुटतो. त्या रंगासाठी दोन चमचे तेल पुरतं, वाटीभर लागत नाही.

दुसरा प्रकार कोरड्या चटणीचा. कुरकुरीत वाळलेल्या फोडी, भाजलेले शेंगदाणे, थोडे जवस, सुकी मिरची, जिरं. दाण्यांचं आणि जवसाचं तेल लायकोपीनच्या कामी येतं, वरून वेगळं घालावं लागत नाही. भाकरीबरोबर ही चटणी मुलं आवडीने खातात.

आता ज्या दाव्यांची मला खरोखर काळजी वाटते, त्यांच्याबद्दल. वाळवलेला टोमॅटो कर्करोग रोखतो, असं छातीठोकपणे सांगणारे विक्रेते प्रदर्शनांत भेटतात. या बोलण्याचं मूळ हार्वर्डच्या १९९५ च्या अभ्यासात आहे. आरोग्यसेवेतल्या सुमारे ४८ हजार पुरुषांच्या खाण्याची नोंद ठेवल्यावर, टोमॅटोचे पदार्थ भरपूर खाणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी आढळला. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. टोमॅटो जास्त खाणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी राहत असू शकतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उपलब्ध संशोधन तपासलं. लायकोपीनने कर्करोग टळतो याला विश्वासार्ह आधार नाही आणि टोमॅटोने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो याला जो आहे तो फारच तोकडा, असा निर्वाळा दिला. आजारी माणसाच्या घरच्यांना आशा विकणं मला पाप वाटतं. आमच्या पाकिटावर कुठल्याही रोगाचं नाव नसतं आणि नसणार.

५. मीठ किती लावलं, हे टोमॅटोइतकंच महत्त्वाचं

चिरलेल्या फोडीवर मीठ भुरभुरलं की पाणी सुटतं, फोड लवकर वाळते आणि बुरशी लांब राहते. पण सुकताना मीठही दाटतं. मीठ न लावलेल्या वाळवलेल्या टोमॅटोत १०० ग्रॅमला सोडियम १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, भरपूर मीठ लावलेल्यात २००० पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सांगितली आहे. लोणची, पापड आपल्या ताटात आधीच असतात. रक्तदाब असलेल्याने पाकीट उलटून सोडियमची ओळ वाचल्याशिवाय ते घेऊच नये.

चांगली गोष्ट अशी की टोमॅटोत ग्लुटामेट मुळातच भरपूर असतं आणि वाळवल्यावर ते दाटतं. जिभेला जी भरीव, रश्शासारखी चव लागते ती त्याची. त्यामुळे वाळवलेला टोमॅटो घातलेल्या भाजीत मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. आमच्या घरी पिठल्यात, मुगाच्या आमटीत मी नेहमीपेक्षा कमी मीठ घालते आणि कुणी वरून मागत नाही. पोषणाच्या दृष्टीने मला ही गोष्ट प्रथिनांच्या आकड्याहून मोठी वाटते.

६. फोड वाकली पाहिजे, चिकटता कामा नये

वाळवायला लांबट, गरदार, कमी बियांचा टोमॅटो घ्यावा. रसाळ गावठी टोमॅटो आमटीला उत्तम, पण वाळवल्यावर त्याची नुसती साल उरते. फोड तयार झाली का, हे बघायची रीत साधी आहे. ती थंड होऊ द्यायची, कारण गरम असताना सगळीच मऊ लागते. मग दुमडायची. चामड्यासारखी वाकली, तुटली नाही, दाबल्यावर कडेला ओलसर चमक आली नाही आणि बोट चिकटलं नाही, तर झाली. भुकटी करायची असेल तर आणखी वाळवून कडकडीत करावी. टोमॅटोतल्या साखरेमुळे भुकटी हवेतली ओल भराभर ओढते आणि पावसाळ्यात तिचा दगड होतो. भुकटी लागेल तेवढीच करावी.

माल थेट पाकिटात भरायचा नाही. आधी काचेच्या बरणीत सैलसर भरून सात-आठ दिवस रोज हलवायचा. आतल्या बाजूला बाष्पाचा एखादा थेंब दिसला, की सगळा माल पुन्हा पेटीत. पांढरट किंवा हिरवी बुरशी दिसली तर निवडत न बसता बरणी रिकामी करायची.

७. कच्चा लसूण आणि तेलाची बरणी घरी जपूनच

तेलात बुडवलेले टोमॅटो, त्यात लसणाच्या पाकळ्या, दिसायला फार देखणं. पण लसूण जमिनीतून येतो, त्याच्यासोबत क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात आणि तेलाखाली हवा नसल्याने त्यांचं फावतं. त्यांच्या विषाला वास नाही, चव नाही. घरी करायचं तर थोडं करावं, फ्रीजमध्येच ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं.

८. सगळ्यांना चालतं असं नाही

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डॉक्टर पोटॅशियम मोजून खायला सांगतात. वाळवलेल्या टोमॅटोच्या १० ग्रॅममध्ये ते ३४० मिलिग्रॅमच्या घरात जातं आणि भुकटीच्या रूपात किती पोटात गेलं हे कळतही नाही. डायलिसिसवर असलेल्या एका नातेवाइकांच्या घरी मी डबा नेला होता, तेव्हा त्यांच्या मुलीनेच तो प्रेमाने परत दिला. तिचं अगदी बरोबर होतं. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो. रंग टिकवण्यासाठी बाजारातल्या मालाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लावलेलं असू शकतं, त्यांनी घटकांची यादी वाचून घ्यावी. आम्ही ते वापरत नाही. त्यामुळे आमच्या मालाचा रंग जरा गडद असतो. पाकिटाच्या पाठीमागे आता दोन ओळी असतात: मीठ किती लावलं ते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून खावं हे.