समुद्र सर्वांचा, कमाई कोणाची?
मालदीवच्या किनाऱ्यावरून घ्यावयाचा धडा

समुद्रकिनारी जाऊन चार दिवस विसावा घ्यावा, ही हौस आता केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही. नोकरदार, लहान दुकानदार, नवविवाहित जोडपी असे सर्वच लोक या वाटेने निघाले आहेत. किनारपट्टीवर राहणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी ही रोजगाराची मोठी संधी आहे. परंतु गावात पर्यटक आले म्हणजे गावाला पैसा मिळालाच, असे समजण्याचे कारण नाही. पाहुणा कोठे उतरतो आणि किती रात्री राहतो, यावर त्याचा पैसा कोणाच्या गल्ल्यात जाणार हे ठरते. ही गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर मालदीवचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

एक बेट, एक रिसॉर्ट

मालदीव हा हिंदी महासागरातील सुमारे १,२०० प्रवाळ बेटांचा मुस्लिम देश. त्यांपैकी वस्तीची बेटे २०० च्या आत आहेत आणि सगळी जमीन एकत्र केली तरी ती सुमारे ३०० चौरस किलोमीटर भरते. चौदाव्या शतकात प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता येथे काझी म्हणून राहिला होता. शतकानुशतके येथील लोक काथ्या, कवड्या आणि सुकवलेली मासळी विकून जगत आले. येथील कवड्या बंगालमध्ये चलन म्हणून वापरल्या जात.

१९७२ मध्ये राजधानी मालेजवळील एका बेटावर 'कुरुंबा' हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. पुढे सरकारने एक धोरण ठरविले. वस्ती नसलेले बेट भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्या बेटावर एकच रिसॉर्ट उभे राहायचे. पाहुणा विमानातून उतरला की बोटीने थेट रिसॉर्टवर जाई. राहणे, जेवण, पोहणे, खरेदी सर्व तेथेच. परदेशी चालीरीती व दारू गावापासून दूर राहावी, हा यामागील एक हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधला.

मात्र चालीरीतींबरोबर धंदाही गावाबाहेरच राहिला. गावातील तरुणाला रिसॉर्टमध्ये नोकरी मिळे, कोळ्याची मासळी तेथे विकली जाई. पण गावातील खानावळवाला, शिंपी, सुतार, किराणा दुकानदार यांच्या दारात गिऱ्हाईक येत नव्हते. किनारा त्यांचा, समुद्र त्यांचा, पण उलाढाल मोठ्या भांडवलवाल्यांची, अशी स्थिती कित्येक वर्षे होती.

गावात पाहुणा आला

२००८ मध्ये देशात सत्ताबदल झाला आणि त्यानंतर वस्तीच्या बेटांवरही गेस्ट हाऊस काढण्याची परवानगी मिळू लागली. मालेपासून सुमारे २७ किलोमीटरवर माफुशी नावाचे लहानसे बेट आहे. तोपर्यंत हे बेट तेथील तुरुंगामुळे ओळखले जाई. २०१० मध्ये तेथे पहिले गेस्ट हाऊस निघाले. पाहुण्यांना ने-आण करण्यासाठी बोट लागली, जेवणासाठी खानावळ लागली, चादरी धुण्यासाठी धोबी लागला, मासेमारीच्या सहलीसाठी नावाडी लागला. एका धंद्याच्या आधाराने दुसरा उभा राहिला. आज देशभरात अशी शेकडो गेस्ट हाऊस आहेत.

यातील एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी कायम राहिली. परदेशी पद्धतीच्या पोहण्याच्या पोशाखासाठी किनाऱ्याचा वेगळा, आडोसा केलेला भाग ठेवण्यात आला आणि गावात सभ्य पोशाखाचा नियम राहिला. तरीही गिऱ्हाईक आले, कारण त्यांना स्वच्छ वाळू, निळे पाणी आणि परवडणारी खोली हवी होती. काही बेटांबाहेर नांगरलेल्या बोटींवर दारू मिळते, हे खरे आहे. पण गावातील खानावळी तिच्याविना चालतात. 'दारू ठेवल्याशिवाय किनाऱ्यावर हॉटेल चालत नाही' असे म्हणणाऱ्यांना हे रोकडे उत्तर आहे.

मुक्कामाचे गणित

आता आपल्या कोकणाकडे पाहू. जंजिऱ्याचा जलदुर्ग पाहण्यासाठी राजपुरीहून होडीने जावे लागते. समजा, चार जणांचे एक कुटुंब सकाळी आले, किल्ला पाहून जेवले आणि संध्याकाळी परत गेले. त्यांनी होडीचे भाडे दिले, चहा घेतला, एक वेळचे जेवण केले. म्हणजे जेमतेम तीन जणांचा धंदा झाला.

तेच कुटुंब दोन रात्री राहिले तर? दोन रात्रींचे खोलीभाडे, दोन वेळची न्याहारी, निदान चार वेळचे जेवण, रिक्षाच्या चार फेऱ्या आणि परत जाताना सुपारी, कोकम, सुके बोंबील, पापड यांची खरेदी. त्यात मासळीवाली, दूधवाला, बेकरीवाला, गवंडी, प्लंबर, बिछायतवाला यांचाही वाटा येतो. तेव्हा गावातील व्यापाऱ्यांनी पर्यटकांची संख्या मोजण्यापेक्षा मुक्कामाच्या रात्री मोजाव्यात. पाहुण्याला एक रात्र जास्त थांबण्याचे कारण देणे, हीच या धंद्यातील खरी मेहनत आहे.

कारागिरांचा वाटा

मालदीवच्या थुलाधू बेटावर लाकूड कातून त्यावर लाल, पिवळ्या व काळ्या लाखेचे थर देण्याची आणि त्यात नक्षी कोरण्याची जुनी कला आहे. गद्धू बेटावरील स्त्रिया रंगविलेल्या लव्हाळ्यांच्या सुंदर चटया विणतात. परंतु पर्यटकांसाठीच्या दुकानांत परदेशातून आलेला स्वस्त मालही भरपूर असतो. हाताने केलेला माल महाग पडतो, वेळेवर मिळत नाही, म्हणून दुकानदार आयात माल ठेवतो. नुकसान कारागिराचे होते.

आपल्या सावंतवाडीलाही लाखकामाची व लाकडी खेळण्यांची परंपरा आहे. अशा कारागिरांनी पर्यटकाच्या पिशवीत मावेल, फुटणार नाही आणि खिशाला परवडेल अशी लहान वस्तू तयार करावी. तिच्यावर गावाचे नाव घालावे. गेस्ट हाऊसवाल्यांनीही आपल्या दर्शनी खोलीत एक फळी अशा मालासाठी राखून ठेवावी.

धोके ओळखा

हा धंदा नाजूक आहे, हे विसरू नये. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये मालदीवने पर्यटकांचे येणे बंद केले. जुलैमध्ये रिसॉर्ट उघडली, कारण एकेका बेटावर पाहुण्यांना वेगळे ठेवणे सोपे होते. गावांतील गेस्ट हाऊसना मात्र ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली. लहान माणसाला जास्त काळ थांबावे लागले आणि त्याच्याकडे शिल्लकही कमी होती. पुढे २०२३ मध्ये तेथे सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले. पण जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही देशांत कटुता आली आणि त्या वर्षी भारतीयांची संख्या खूप घटली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबणे धोक्याचे असते, हा याचा बोध.

कोकणाने ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा सोसला. श्रीवर्धन, दिवेआगर भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली. नवीन पोफळीला फळ धरायला कित्येक वर्षे लागतात. ज्यांचे बाग आणि पाहुण्यांची खोली हे दोन्ही उत्पन्न एकाच वाडीत होते, त्यांचे दोन्ही एकदम गेले. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात होड्या बंद असतात, ते वेगळेच.

आपण काय करावे?

१. आरंभ लहान ठेवावा. राहत्या घरातील एक-दोन खोल्यांपासून सुरुवात करावी. राज्याच्या पर्यटन खात्याच्या 'न्याहारी व निवास' योजनेची माहिती घेऊन नोंदणी करावी.

२. नवीन बांधकामापूर्वी चौकशी करावी. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्याला १९९१ पासून किनारा नियमनाचे नियम लागू आहेत. परवानगीविना बांधलेली खोली म्हणजे बुडालेले भांडवल.

३. शौचालय, पाणी आणि बिछाना स्वच्छ असावा. पाहुणा साधे जेवण चालवून घेतो, घाण चालवून घेत नाही.

४. वर्षाचा हिशेब आठ महिन्यांच्या कमाईवर बसवावा. मोसमातील नफ्यातून पावसाळ्याचा खर्च आणि दुरुस्तीची रक्कम आधी बाजूला काढावी. इमारतीचा विमा उतरवावा.

५. दर ठळक लिहून लावावेत. सुट्टीच्या गर्दीत मन मानेल तसे भाडे घेणारा एका दिवसात कमावतो आणि कायमचे गिऱ्हाईक गमावतो.

६. गावाचे नियम, उदाहरणार्थ दारूबंदी, खोली देतानाच सांगावेत. ते मान्य असलेलाच पाहुणा मग राहील आणि पुढचा वाद टळेल.

७. होडीवाले, खानावळवाले, रिक्षावाले व कारागीर यांनी आपसात ठरवून एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवावे.

मोठे भांडवल आज ना उद्या प्रत्येक चांगल्या किनाऱ्यावर येणारच. ते येण्यापूर्वी गावाने आपली घरे, होड्या आणि कसब घेऊन धंद्यात पाय रोवला असेल, तर त्या भांडवलालाही गावाशी बरोबरीने व्यवहार करावा लागेल. नाहीतर आपल्याच किनाऱ्यावर आपण नोकर म्हणून उभे राहू. माफुशीसारख्या लहानशा बेटाला जे जमले, ते आपल्याला न जमण्यासारखे काही नाही.