ईस्टर आणि देवाची तारणाची योजना: धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला का?

अभ्यासासाठी शास्त्रभाग: 1 करिंथ 15:1-22, रोम 4:25, योहान 20



ईस्टरच्या पहाटे आपण प्रार्थनेला जातो, कबरस्तानात आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतो, नवे कपडे घालतो, एकमेकांना शुभेच्छा देतो. मुलांना रंगीत अंडीही आवडतात. हे सर्व चांगले आहे. परंतु ही सर्व वर्षानुवर्षे करूनही ज्याच्यासाठी हा सण आहे त्याची ओळख न होणे शक्य आहे. म्हणून या पाठात आपण दोन प्रश्न पाहू. देवाच्या तारणाच्या योजनेत ईस्टरचे स्थान काय आहे? आणि ती योजना माझी केव्हा होते?

1. योजना वधस्तंभापासून सुरू झाली नाही

काही जण समजतात की येशूचा मृत्यू हा एक अपघात होता आणि देवाने नंतर तो सावरून घेतला. पवित्र शास्त्र असे शिकवत नाही. मनुष्य पापात पडला त्याच वेळी देवाने सांगितले की स्त्रीच्या संतानाकडून सर्पाचा पराभव होईल (उत्पत्ती 3:15). मिसर देशात वल्हांडणाच्या रात्री कोकऱ्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावलेल्या घरातला थोरला मुलगा वाचला (निर्गम 12). यशया संदेष्ट्याने ख्रिस्ताच्या शेकडो वर्षे आधी अशा सेवकाचे वर्णन केले, जो दुसऱ्यांच्या अपराधांसाठी घायाळ होतो आणि त्यानंतर पुन्हा आयुष्य पाहतो (यशया 53).

प्रभू येशू वल्हांडण सणाच्या दिवसांतच वधस्तंभावर खिळला गेला. म्हणूनच ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा तिचा हिशेब मंडळीने ठरवला. पौर्णिमेचा हा संबंध आपल्याला दरवर्षी आठवण देतो की ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा कोकरा आहे (1 करिंथ 5:7).

2. रिकामी कबर: कर्ज फिटल्याचा पुरावा

पापाची मजुरी मरण आहे (रोम 6:23). ती मजुरी आपल्या वाट्याची होती, ती ख्रिस्ताने घेतली. पण ती देवाने मान्य केली हे आपल्याला कसे कळावे? गावातल्या सावकाराचे कर्ज फेडणाऱ्याला विचारा. तो पैसे मोजून देतो, तरी गहाणाचा कागद परत हातात येईपर्यंत त्याला झोप लागत नाही. ख्रिस्त आपल्या अपराधांमुळे धरून दिला गेला आणि आपल्याला नीतिमान ठरवण्यासाठी उठवला गेला, असे पौल सांगतो (रोम 4:25). रिकामी कबर हा आपल्या हातात आलेला कागद आहे. आता कोणीही, सैतानसुद्धा, तेच कर्ज आपल्याकडून पुन्हा मागू शकत नाही.

म्हणूनच पौल इतके कठोर बोलतो: ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास निष्फळ आहे, आणि आपण अजूनही आपल्या पापांतच आहोत (1 करिंथ 15:17). ही गोष्ट त्याने कल्पनेवर सोडली नाही. घटनेनंतर पंचवीसेक वर्षांतच तो साक्षीदारांची यादी देतो: पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांच्यापैकी बहुतेक तेव्हा हयात होते, मग याकोब, आणि शेवटी तो स्वतः. याकोब हा प्रभूचा भाऊ. प्रभूच्या भावांनी आधी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता (योहान 7:5). रिकाम्या कबरेची बातमी प्रथम स्त्रियांनी आणली, आणि प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली (लूक 24:11). एखाद्याने ही कथा रचली असती, तर त्याने आपल्याच पुढाऱ्यांना असे अविश्वासू दाखवले नसते.

3. पहिली पेंढी

पौल ख्रिस्ताला मेलेल्यांतले प्रथमफळ म्हणतो (1 करिंथ 15:20). इस्राएल लोक हंगामाची पहिली पेंढी शब्बाथानंतरच्या दिवशी याजकाकडे आणत (लेवीय 23:10-11). ईस्टरच्या दिवसांत आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातही गहू कापणीला आलेला असतो. शेतातून पहिली पेंढी घरी आली म्हणजे पीक तयार झाले आहे आणि बाकीचेही येणार आहे. ख्रिस्त एकटाच उठला नाही. जे त्याचे आहेत त्यांच्या उठण्याची ती सुरुवात आहे. कबरस्तानातली आपली फुले याच आशेची असावीत.

4. एका विदुषीची साक्ष

आता दुसरा प्रश्न: ही योजना माझी केव्हा होते? याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या जीवनात फार स्पष्ट दिसते.

रमाबाईंनी मरण लहान वयातच जवळून पाहिले. दक्षिणेतल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण गेली. आईचे प्रेत उचलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाईंना स्वतः खांदेकरी व्हावे लागले. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी गेले. कडेवर तान्ही मनोरमा होती.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींनी पतित स्त्रियांची केलेली सेवा पाहून आणि नहेम्या नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाने त्यांच्या शंका फिटल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे ते पुण्यास आले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, यांना आणखी काय हवे? ज्ञान आहे, बाप्तिस्मा आहे, सेवा आहे.

परंतु रमाबाईंनी आपल्या 1907 च्या साक्षीत प्रामाणिकपणे लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. त्या काळात त्यांनी विल्यम हॅसलम या सुवार्तिकाचे आत्मचरित्र वाचले. त्याच्या नावाचा अर्थच ‘मरणातून जीवनात’ असा आहे. हॅसलम स्वतः पाळक असताना त्याचे परिवर्तन झाले होते! मग 1891 च्या सुमारास रमाबाई वचनाकडे वळल्या आणि त्यांना समजले की योग्यता येण्याची वाट पाहायची नाही, पुण्याचा साठा करायचा नाही. जशी आहे तशी, आताच, ख्रिस्तावर विसंबायचे आहे. त्यांचे ओझे उतरले.

प्रियांनो, लक्षात घ्या. त्यांना बाप्तिस्मा चुकीचा वाटला नाही, सेवाही नाही. पण त्या दोन्ही गोष्टी ख्रिस्ताची जागा घेऊ शकत नाहीत, हे त्यांना कळले. तारण कृपेने, विश्वासाद्वारे आहे, कर्मांनी नाही (इफिस 2:8-9).

5. कृपा माणसाला स्वस्थ बसू देत नाही

काही जण म्हणतात, सर्व कृपेनेच असेल तर मग कामे कशाला? याचे उत्तरही रमाबाईंच्या पुढील जीवनात आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपले जबलपूर त्याच प्रांतात होते. तेथून त्यांनी सुमारे 300 मुली व स्त्रियांना वाचवून नेले, आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. 1905 मध्ये तेथे मोठी आत्मिक जागृती झाली. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, म्हणजे खेड्यातल्या बाईलाही ते कळावे.

1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. 5 एप्रिल 1922 रोजी स्वतः रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता, म्हणजे त्यांच्या मागे राहिलेल्या मुलींनी अकराच दिवसांनी पुनरुत्थानाचा सण पाळला. जिने आयुष्यभर आपली माणसे एकामागून एक गमावली, तिच्यासाठी पहिल्या पेंढीची आशा हा केवळ सिद्धांत नव्हता.

6. आज आपण काय करावे?

- कबूल करा. माझे पाप हे माझेच आहे. परिस्थितीवर किंवा घरच्यांवर ते ढकलू नका (1 योहान 1:9).
- वळा. पश्चात्ताप म्हणजे नुसते वाईट वाटणे नव्हे, तर दिशा बदलणे.
- विश्वास ठेवा. येशू प्रभू आहे हे मुखाने कबूल करा आणि देवाने त्याला उठवले असा मनात विश्वास धरा (रोम 10:9).
- चालत राहा. वचन, प्रार्थना, मंडळीची सहभागिता आणि गरजवंताची सेवा यांत नवे जीवन वाढते.

आपल्यापैकी अनेक जण ख्रिस्ती घरात जन्मले. आजोबांचा विश्वास आपल्याला नाव देतो, रजिस्टरमध्ये जागा देतो, पण तारण देत नाही. रमाबाईंसारखी विदुषी आठ वर्षांनंतर स्वतःला हा प्रश्न विचारू शकली, तर वीस किंवा चाळीस वर्षांनंतर तो विचारण्यात आपल्याला लाज वाटू नये.

गटात चर्चेसाठी प्रश्न

1. ख्रिस्त उठला नसता तर आपल्या रोजच्या जीवनात काय वेगळे असते?
2. मी देवापुढे कशाच्या आधारावर उभा आहे: बाप्तिस्मा, सेवा, घराणे की ख्रिस्त?
3. आपल्या वस्तीत कोणत्या एका शोकग्रस्त कुटुंबाला आपण या आठवड्यात पुनरुत्थानाची आशा सांगू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू माझ्या पापांसाठी मेलास आणि तिसऱ्या दिवशी उठलास, यावर मी विश्वास ठेवतो. मी माझ्या चांगुलपणावर नाही, तर तुझ्यावर विसंबतो. मला क्षमा कर, माझ्या जीवनाचा प्रभू हो, आणि मला नव्या जीवनात चालव. तुझ्या नावाने मागतो. आमेन.