उत्तरांची किंमत

बाजारसंशोधन संस्था ग्राहकांची मते अजमावण्यासाठी जे प्रश्नसंच मोबाइलवर किंवा संगणकावर भरून घेतात, त्यांना सर्वसाधारणपणे ऑनलाइन सर्वेक्षण म्हटले जाते, आणि ते भरणाऱ्याला काही मोबदला मिळतो ही गोष्ट खरी आहे. हा मोबदला म्हणजे वेतन नव्हे, तर दिलेल्या वेळेची छोटीशी भरपाई होय, हा भेद ज्यांच्या ध्यानात येत नाही त्यांचा एकतर बराच वेळ वाया जातो किंवा गाठीचे पैसे जातात. विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी आणि नोकरीच्या शोधातील तरुण या मार्गाकडे वळतात, कारण त्यात भांडवल लागत नाही, पदवी लागत नाही आणि कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही; परंतु त्यांच्या पदरी जो अनुभव येतो तो का येतो, हे या व्यवहाराचा हिशेब मांडल्याखेरीज कळत नाही.

सर्वेक्षण करणाऱ्याला सर्वांची उत्तरे नको असतात. संपूर्ण लोकसंख्येचा अंदाज बांधण्यासाठी निवडलेल्या मोजक्या लोकांच्या गटाला संख्याशास्त्रात ‘नमुना’ म्हणतात, आणि यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी देऊन, काढलेल्या सुमारे 1,000 जणांच्या नमुन्यात चुकीची मर्यादा साधारण तीन टक्क्यांच्या आसपास येते. ती निम्म्यावर आणायची तर नमुना चौपट, म्हणजे 4,000 करावा लागतो. ऑनलाइन नमुने काटेकोर अर्थाने यादृच्छिक नसतात हे खरे असले, तरी उत्तरांची संख्या वाढवत नेल्याने मिळणारा लाभ झपाट्याने घटतो, हे तत्त्व तेथेही बदलत नाही. त्यामुळे नव्या साबणाविषयी मत विचारणाऱ्या कंपनीला हजार-दोन हजार उत्तरे पुरेशी असतात आणि त्यापुढील प्रत्येक उत्तर तिच्या लेखी जवळजवळ निरुपयोगी असते. लाखो लोकांना दर आठवड्याला ठरावीक रक्कम देण्याचे आश्वासन या एका कसोटीवरच कोसळते.

प्रामाणिकपणे चाललेल्या सर्वेक्षणांतही उत्तरदात्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. उत्तरे देण्यास तयार असलेल्या नोंदणीकृत लोकांच्या समूहाला ‘पॅनल’ म्हणतात; पॅनलवर नाव नोंदवल्यानंतर जे निमंत्रण येते त्याच्या आरंभी वय, शहर, उत्पन्न, घरातील वाहन, अलीकडची खरेदी असे चाळणीचे प्रश्न असतात, आणि हव्या असलेल्या वर्गात उत्तरदाता बसत नाही किंवा त्या वर्गाचा ठरलेला कोटा आधीच भरला आहे असे आढळले, की सर्वेक्षण तेथेच संपते. ही चाळणी नेहमी पहिल्या मिनिटालाच लागते असेही नाही. दहा-बारा मिनिटे प्रश्न सोडवून झाल्यावर ‘आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही’ असा संदेश येतो आणि तोवर दिलेल्या माहितीचे काहीही मिळत नाही, किंवा सांत्वनापुरते दोन-चार पॉइंट जमा होतात. मिळकत रुपयांत न दाखवता पॉइंटांत दाखवण्यामागेही हिशेब असतो, कारण पाचशे पॉइंट हा आकडा डोळ्यांना मोठा दिसतो आणि त्याचे प्रत्यक्ष मोल किती, हे काढण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. शिवाय ठरावीक किमान मर्यादा गाठल्याशिवाय पॉइंट वटवता येत नाहीत, अनेकदा ते रोख रकमेऐवजी खरेदीच्या व्हाउचरच्या रूपातच मिळतात, आणि खाते काही महिने वापरात नसेल तर ते रद्दही होतात.

सर्वांत कडू अनुभव मात्र मर्यादा गाठल्यानंतरचा असतो. पैसे मागताक्षणी खाते ‘गुणवत्तेच्या कारणास्तव’ बंद झाल्याच्या तक्रारी सर्रास ऐकू येतात. त्यांतील काही ठिकाणी संस्थेचा अप्रामाणिकपणा असतो, पण प्रत्येक वेळी नाही. घाईने भरलेली उत्तरे, सर्व प्रश्नांना एकाच रकान्यातील पर्याय निवडणे, ‘येथे तिसरा पर्याय निवडा’ अशा लक्ष तपासणाऱ्या प्रश्नात चुकणे, एकाच घरातून चार नावांनी नोंदणी करणे, या सर्व गोष्टी संगणक टिपून ठेवतो. अमेरिकेतील उत्तरदात्याला अधिक मोबदला मिळतो म्हणून व्हीपीएन वापरून, म्हणजे आपले ठिकाण लपवून, परदेशी असल्याचे भासवणाऱ्यांची खाती तर हमखास बंद होतात, आणि तेथे दाद मागण्यासाठी उत्तरदात्याकडे नैतिक बाजूच उरत नाही.

याखेरीज एक किंमत अशी आहे की जी पॉइंटांच्या हिशेबात कधीच दिसत नाही. जन्मतारीख, कुटुंबाचे उत्पन्न, आजार, विमा, कर्ज, मुलांची शाळा अशी माहिती निरनिराळ्या सर्वेक्षणांतून तुकड्या-तुकड्यांनी दिली जाते आणि ती एकत्र आली की माणसाचे संपूर्ण चित्र तयार होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला हे खरे, परंतु पत्ता नसलेल्या, परदेशात नोंद असलेल्या संकेतस्थळाला एकदा दिलेली माहिती परत मागणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नसते. खऱ्या मतचाचणीला आधार क्रमांक, पॅन, बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी यांची गरज नसते. ज्या प्रश्नसंचात यांपैकी काहीही मागितले जाते तो प्रश्नसंच मत जाणण्यासाठी बनवलेलाच नसतो.

सर्वेक्षणाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘स्पीक एशिया’ हे प्रकरण होय. सिंगापूरमध्ये नोंदलेल्या या कंपनीने 2010 पासून भारतात सभासद गोळा केले. 11,000 रुपये भरून तिच्या ई-नियतकालिकाची वार्षिक वर्गणी घ्यायची, आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरायची आणि प्रत्येकी 500 रुपये मिळवायचे, अशी ती योजना होती, तर नवे सभासद आणणाऱ्यास वेगळे कमिशन मिळत असे. आरंभीच्या सभासदांना खरोखर पैसे मिळाले, आणि त्यांनी ते शेजारी-नातेवाइकांना दाखवले हीच योजनेची खरी जाहिरात ठरली. येथे साधा गुणाकार पुरेसा आहे. सभासद वीस लाख धरले, तर आठवड्याला प्रत्येकी 1,000 रुपयांप्रमाणे 200 कोटी आणि वर्षाला 10,000 कोटींहून अधिक रक्कम कोणीतरी निव्वळ उत्तरांसाठी मोजायला हवी होती; एवढ्या पैशाने उत्तरे विकत घेणारा ग्राहक अस्तित्वात नव्हता, आणि ज्या नामांकित कंपन्यांची नावे ग्राहक म्हणून सांगितली गेली त्यांतील काहींनी असा संबंध नाकारला. अर्थात नव्या सभासदांच्या वर्गणीतूनच जुन्यांना पैसे दिले जात होते, असाच निष्कर्ष निघतो.

2011 मध्ये ही योजना ठप्प झाली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार त्यात गुंतलेल्या लोकांची संख्या वीस लाखांच्या पुढे व रक्कम दोन हजार कोटी रुपयांहून अधिक होती. विचार करायला लावणारी बाब अशी की सभासदांचा एक मोठा वर्ग कंपनीविरुद्ध न जाता तिच्या बाजूने रस्त्यावर उतरला, कारण कंपनी बुडाली तर आपलेही पैसे बुडणार हे त्याला दिसत होते, आणि ज्यांना आपण योजनेत आणले त्यांना काय तोंड दाखवायचे हा प्रश्नही होता. अशा योजनांना आळा घालण्यासाठी 1978 चा बक्षीस चिठ्ठी व पैसा फिरवण्याच्या योजना बंदी कायदा तेव्हाही अस्तित्वात होता, आणि 2021 च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड, म्हणजे सभासदांच्या साखळीवरच चालणाऱ्या, योजनांवर स्पष्ट बंदी घातली. तरी योजना नव्या नावाने येत राहिल्या.

अलीकडे या फसवणुकीचे रूप बदलले असून तिला ‘टास्क’ हे नाव मिळाले आहे. अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो, व्हिडिओला लाइक देणे किंवा हॉटेलला पाच तारे देणे एवढेच काम सांगितले जाते, दीडशे-दोनशे रुपये खात्यात खरोखर जमा होतात, आणि मग टेलिग्रामवरील गटात सामील करून ‘प्रीपेड टास्क’साठी आधी पैसे भरायला लावले जाते. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, पण तो काढायला गेल्यास कर, दंड, खाते खुले करण्याचे शुल्क अशी एकामागून एक मागणी होते. त्या गटातील इतर सभासद, जे आपल्याला मिळालेल्या पैशांची छायाचित्रे टाकत असतात, ते बहुधा टोळीचेच लोक असतात. याहून बिकट अवस्था स्वतःचे बँक खाते कमिशनवर वापरायला देणाऱ्यांची होते, कारण दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरला की खाते गोठवले जाते आणि खातेदारच संशयित ठरतो.

ज्यांना तरीही सर्वेक्षणे भरायची आहेत त्यांनी स्वतंत्र ईमेल वापरावा, पहिली छोटी रक्कम हाती पडेपर्यंत अधिक वेळ घालवू नये, आणि महिन्याच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात ही मिळकत धरू नये. नोंदणी, प्रशिक्षण, अनामत, सॉफ्टवेअर यांपैकी कोणत्याही कारणाने एक रुपयाही मागितला गेला तर व्यवहार तेथेच थांबवावा. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. फसवणूक झालीच, तर संकोचात दिवस न घालवता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी रोखली गेली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते. संदेश, व्यवहार क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे पुसून टाकू नयेत. गेलेले पैसे परत मिळवून देतो असे सांगून जो आगाऊ शुल्क मागतो तो त्याच फसवणुकीचा पुढचा टप्पा असतो. पोलिसांकडे तक्रार नोंदवायला कोणतेही शुल्क लागत नाही.