कॅप्टनसाठी एक बाज

मेडशीला विमानतळ नाही. अकोला–वाशीम रस्त्यावरचं गाव, वडिलांचं चहाचं हॉटेल, दारात ट्रकवाल्यांसाठी चार बाजा. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही अकोल्याचेच. पुढे निवडणुकीच्या दिवसांत हेलिपॅडवरच्या चहापाण्याचं काम मला मिळू लागलं. ट्रकच्या उस्तादांना सांभाळायची सवय होती. पायलट म्हणजे तरी काय, गाडी चालवणाराच. एवढ्या भांडवलावर गेलो आणि चुका करत शिकलो.

१. चहाच्या आधी संडास. पहिल्याच कामाला साहेबांसाठी सोफा, हारतुरे, गार पाण्याच्या बाटल्या, सगळं चोख. साहेब सभेला गेले. दोघांपैकी धाकट्या पायलटने जवळ येऊन हळूच विचारलं, “काका, बाथरूम कुठे आहे?” मी सवयीने तुरीच्या शेताकडे हात केला. ती मुलगी होती. तो हात कुठे लपवावा तेच कळेना. भारतातल्या वैमानिकांत बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, हे मला नंतर कळलं. पण तेवढ्यासाठी आकडा कशाला हवा होता? आता आदल्या दिवशीच जवळची शाळा नाहीतर घर बघून ठेवतो. बादली, साबण, आतली कडी नीट लागते का, हेही. किल्ली माझ्याच खिशात.

२. सावली हवी, पण हेलिकॉप्टर डोळ्यांसमोर राहील अशी. गर्दी सेल्फीसाठी पात्याला हात लावायला धावते, त्यामुळे पायलट लांबच्या गेस्ट हाऊसवर जाऊन बसणार नाही. मंडप अगदी जवळही नको. टँकरने जमीन भिजवली होती, चुन्याचा ‘एच’ ठसठशीत काढला होता. तरी उतरतानाच्या वाऱ्याने माझी कनात आणि सगळ्या कागदी प्लेटा शेजारच्या कपाशीत नेऊन टाकल्या.

३. जेवणात आपली हौस बाजूला ठेवायची. पाहुणा म्हटला की आमच्याकडे पिठलं-भाकरी आणि ठेचा. उडायच्या आधी पोटात वायू धरणारं आणि जळजळीत काही नको, हे एका वयस्कर कॅप्टनने हसत समजावलं. दोघांनी एकच पदार्थ खायचा नाही, अशीही त्याची सवय: बाधलंच तर एकाला तरी बाधू नये. तेव्हापासून एकाला वरणभात, दुसऱ्याला पोळी-भाजी. डबे वेगळे.

४. वेळ खरी सांगायची. “पाच मिनिटांत निघतील” हे कार्यकर्त्यांचं वाक्य असतं. हेलिपॅडवर दिवे नसतात, सूर्य मावळायच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा असतो. पायलट घड्याळ बघतो तो उगाच नाही. मी एक पोरगा सभेत उभा करतो, तो फोनवर खरं सांगतो. हवामान बघायला फोन लागतो, म्हणून चार्जिंगची वायर मंडपात आधी ओढून घेतो. आणखी एक: मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ होते, पंख्याला उचल कमी मिळते. “अजून एक जण बसेल की” असा आग्रह करणाऱ्याला आता मीच आडवा होतो.

५. मोठी इमारत झाली म्हणजे सोय झाली, असं नाही. आमच्या जवळचं विमानतळ अकोल्याचं शिवणी; तिथली धावपट्टी वाढवायचा विषय कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं घुटमळतोय. अमरावतीच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, आनंद वाटला. फोटोत सगळे दर्शनी भाग बघत होते. मी पायलट कुठे टेकत असतील ते शोधत होतो.

६. बाज. ही माझी स्वतःची भर. पहाटेपासून चार सभा करून आलेला माणूस सोफ्यावर ताठ बसून पेंगत होता. हॉटेलातली सुंभाची एक बाज मी टेम्पोत टाकून आणली होती, ती निंबाखाली टाकली. संयोजक कुरकुरले, “बरं दिसतं का हे?” कॅप्टनने बूट काढून पायथ्याशी जोडीने ठेवले. “काका, चारला उठवा,” म्हणाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. चारला उठवलं. दंडावर सुंभाचे वळ उमटले होते. ते चोळत त्याने हेलिकॉप्टरला एक फेरी मारली, आणि मी बाजेवर दोन विटा ठेवल्या.