चित्रपट आस्वाद : 'गॅटाका' – जन्माआधीच लागलेला निकाल

भविष्यकाळातलं असं जग, जिथे विज्ञान पुढे गेलंय पण माणूस मात्र अधिकच बांधला गेलाय, अशा जगाच्या कथेला 'दुःस्वप्न-विज्ञानकथा' म्हणता येईल. १९९७ साली आलेला 'गॅटाका' हा इंग्रजी चित्रपट याचं उत्तम उदाहरण आहे. दिग्दर्शक अँड्र्यू निकोल यांचा हा पहिलाच चित्रपट. ए, टी, जी आणि सी ही डीएनएच्या चार घटकांची अक्षरं. त्यांतूनच हे नाव तयार झालंय.

कथानक थोडक्यात

व्हिन्सेंट नैसर्गिकरीत्या जन्माला येतो. जन्मताच रक्ताच्या थेंबावरून सांगितलं जातं की हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के आणि आयुष्य सुमारे ३० वर्षं. त्याचा धाकटा भाऊ अँटन मात्र प्रयोगशाळेत 'निवडलेला' आहे. व्हिन्सेंटला अंतराळात जायचंय, पण त्याच्या वाट्याला येतं सफाईचं काम. मग तो जेरोम या अपंगत्व आलेल्या, पण 'उत्तम जनुकं' असलेल्या जलतरणपटूची ओळख घेतो आणि गॅटाका या अंतराळ संस्थेत शिरतो.

बलस्थाने

१) *साधेपणा* – इथे यंत्रमानव नाहीत, लढाया नाहीत. नोकरीची मुलाखत म्हणजे फक्त लघवीची तपासणी! एवढ्या एका प्रसंगातून त्या समाजाची सगळी व्यवस्था कळते.

२) *शक्यता आणि निकाल यांतला फरक* – ९९ टक्के ही शक्यता आहे, निकाल नव्हे. पण समाज तिला निकालच मानतो. पडला-झडला तर विमा मिळणार नाही, म्हणून बालवाडीसुद्धा त्याला घेत नाही.

३) *दोन भावांची पोहण्याची स्पर्धा* – किनाऱ्यापासून कोण जास्त लांब जातो, ही पैज. व्हिन्सेंट जिंकतो, कारण तो परतीसाठी ताकद राखून ठेवतच नाही. चित्रपटाचा गाभा या प्रसंगात आहे.

४) *जेरोमचं पात्र* – सगळं उत्तम मिळूनही त्याला रौप्यपदकच मिळालं. 'परिपूर्ण' असण्याचं ओझं ज्यूड लॉ यांनी फार छान दाखवलंय.

उणिवा

१) मध्ये येणारं खुनाचं रहस्य कथेला वेग देतं खरं, पण मूळ प्रश्न मागे पडतो.

२) उमा थर्मन यांच्या आयरीनला स्वतःची अशी गोष्ट फारशी नाही. तिच्या हृदयातही दोष आहे, तरी तिच्या स्वप्नाचं काय, हे चित्रपट विचारत नाही.

३) व्हिन्सेंटचं हृदय खरोखरच कमजोर आहे. धावपट्ट्यावर तो दुसऱ्याचे ठोके ऐकवतो आणि नंतर कोसळतो. मग यानातल्या इतरांच्या सुरक्षेचं काय? हा अवघड प्रश्न चित्रपट टाळतो.

४) अपंग जेरोमच्या आयुष्याचा शेवट खटकतो. जिद्दीचा संदेश देणाऱ्या चित्रपटाने त्याच्यासाठीही जगण्याची वाट शोधायला हवी होती.

आपला संबंध काय?

एका प्रसंगात डॉक्टर आईवडिलांना सांगतात, दोन निरोगी मुलगे आहेत, दोन निरोगी मुली आहेत, तुम्ही फक्त निवडा. आईवडील मुलगा निवडतात. शिवाय गोरा रंगही आधीच ठरवलेला असतो! हे आपल्याला परकं वाटतं का? गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली कायदा करावा लागला. म्हणजे तंत्र साधं असतानाही निवड सुरूच होती. तंत्र वाढेल तशी यादीही वाढेल, हीच खरी भीती आहे.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. उंची, बुद्धी, स्वभाव या गोष्टी एखाद्या जनुकाने ठरत नाहीत. अनेक जनुकं, आहार, शिक्षण, संधी अशा कितीतरी गोष्टी त्यात असतात. कुणी तुमच्यावर 'याला जमणार नाही' असा शिक्का मारला, तर तो अंदाज आहे, निकाल नाही.

स्वाध्याय

१) व्हिन्सेंटने खोटी ओळख वापरली, हे योग्य की अयोग्य? दोन्ही बाजू लिहा.

२) आजार टाळण्यासाठीची तपासणी आणि आवडीनुसार मूल निवडणं, यांतली सीमारेषा तुम्ही कुठे आखाल?

३) तुमच्या आवडत्या चित्रपटाची तीन बलस्थाने व दोन उणिवा कारणांसह लिहा.