स्तनपान आणि पंप : मातेच्या दुधाचे माप

पंपाने काढलेले दूध बाटलीच्या तळाशीच राहिलेले दिसले, की ‘आईला दूध पुरेसे नाही’ असा निष्कर्ष घरात काढला जातो आणि भुकटीच्या दुधाचा डबा आणला जातो. हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा ठरतो.

दूध तयार होण्यास प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, तर ते वाहण्यास ऑक्सिटोसिन कारणीभूत असते. बाळ चोखू लागताच ऑक्सिटोसिन स्रवते, दुग्धग्रंथींभोवतालच्या सूक्ष्म पेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांत उतरते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. बाळाच्या स्पर्शाने, कधी नुसत्या रडण्यानेही पान्हा फुटतो. वेदना, चिंता व संकोच यांमुळे तो अडतो.

बाळ केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात घेते. त्याची जीभ खाली जाताच तोंडात निर्वात निर्माण होऊन दूध येते. प्रारंभी ते भरभर चोखते. पान्हा फुटल्यावर संथपणे, घोट घेत पिते. विद्युत पंप ही लय काही अंशी साधतो. परंतु बाळाची ऊब व स्पर्श त्याच्यापाशी नाहीत. म्हणून पंपातील दूध हे त्या वेळी निघालेल्या दुधाचे माप होय, मातेच्या क्षमतेचे नव्हे. बाळाचे वाढते वजन आणि पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वा अधिक वेळा होणारी फिकट लघवी, हीच खरी साक्ष.

तथापि पंपाचे मोल कमी नाही. साधारणतः ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधत नाही. स्तनात साचून राहिलेले दूध पुढील निर्मिती मंदावते. म्हणून अशा मातेने रात्रीसह चोवीस तासांत किमान आठ वेळा दूध काढावे. प्रारंभीचा चीक अल्प व दाट असल्याने तो हाताने काढणे सोयीचे ठरते. हे दूध बाळाला नळीने, पुढे वाटी-चमच्याने वा बोंडल्याने देता येते. मातेचे दूध तरीही अपुरे पडल्यास दुग्धपेढीचा आधार असतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली अशी पेढी सुरू झाली.

कुटुंबीयांना नम्र विनंती, की बाटलीवरील आकडे मोजण्याऐवजी मातेला निवांत जागा, विश्रांती व धीर द्यावा. शंका वाटल्यास डबा उघडण्यापूर्वी बाळाचे वजन करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.