एकच इंद्रिय पुरे
आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७



भगवंत सांगतात, भटकणाऱ्या इंद्रियांपैकी एकाच्याही मागे मन गेलं, की वारा पाण्यातली नाव ओढून नेतो तशी बुद्धी ओढली जाते. सगळी इंद्रियं सुटायची गरजच नाही. एक पुरे.

मी हदगावचा. आमच्याकडून हिमायतनगरमार्गे सहस्रकुंडाला जाता येतं. तिथं पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. पावसाळ्यात पाण्याचा आवाजच माणसाला लांब ठेवतो. हिवाळ्यात पाणी ओसरतं, खडक उघडा पडतो आणि डोळे म्हणतात, "अजून थोडं पुढं, फोटो भारी येईल." ओल्या खडकावरचं शेवाळ बुद्धीला माहीत असतं, पण पाय डोळ्यांचं ऐकतात.

हिमाचलात स्पितीला थंडीत धबधबे गोठतात. त्या बर्फावर चढणारे बुटांना काटे लावतात, कमरेला दोर बांधतात आणि तो दोर खाली सोबत्यानं धरलेला असतो. धाडस त्यांचंही आहे, पण बांधलेलं. पुढच्याच श्लोकात इंद्रियं आवरलेल्याची बुद्धी स्थिर म्हटली आहे. मला वाटतं, आवरणं म्हणजे घरी बसणं नव्हे; दोर बांधून निघणं.

आजचा अभ्यास : सहस्रकुंडाला जरूर जा, महादेवाचं दर्शन घ्या. मोबाईल काढण्याआधी पाय कुठं आहेत ते बघा. सोबत्याला सांगून ठेवा, "मी पुढं सरकलो तर हाक मार." आणि हाक आली की थांबा.